बस्त्याचा मजला

आळेफाट्याच्या चौकापासून जरा आत एक कापड दुकान आहे. मी आजही तिथंच कामाला आहे. दुकानाला दोन मजले. खालच्या मजल्यावर टॉवेल, टोप्या, शाळेचे गणवेश, परकर, अस्तराचं कापड. वरच्या मजल्यावर बस्ता. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं जीप भरून येतात, नवरीच्या शालूपासून मामाच्या फेट्यापर्यंत सगळं एका बैठकीत घेतात, भांडतात, चहा पितात आणि पुन्हा भांडतात. पूर्वेला आण्याच्या पठारावरून, पश्चिमेला थेट घाटघरकडून आमच्याकडं बस्त्याला लोक येतात. वरच्या मजल्यावर उभं राहायचं म्हणजे दुकानात मान असतो. मी आधी वर होते, मग खाली आले, मग कायद्यानं मला पुन्हा वर नेलं. ह्या चढउताराची मला लाज वाटते, आणि गंमत अशी की सगळ्यात जास्त वाटते ती पुन्हा वर गेल्यानंतरची.

आमच्या दुकानाची एक पद्धत होती. पार्टी गादीवर बसली की आमचे जुने सेल्समन नारळ फोडायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मग वरच्या मजल्यावरची बाई नवरीला आणि तिच्या आईला हळदकुंकू लावायची, आणि पहिला शालू उलगडून त्याचा पदर स्वतःच्या हातानं नवरीच्या खांद्यावर टाकायची. त्याला आम्ही पहिला पदर म्हणायचो. तोच शालू घेतील असं नाही, बहुतेक वेळा नाहीच घेत, पण पहिला पदर पडल्याशिवाय पुढची घडी कुणी उलगडत नसे. हे काम मला चांगलं जमायचं. नवरीचा रंग, तिच्या बापाचा खिसा आणि होणाऱ्या सासूचं नाक, हे तिन्ही पाहून शालू काढावा लागतो. सासूचं नाक सगळ्यात अवघड. एकदा एका सासूनं चाळीसेक शालू पाहून शेवटी मी टाकलेला पहिलाच घेतला, तेव्हा शेठनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती.

पुढं माझा नवरा अपघातात गेला. आण्याहून घाट उतरून येताना मोटारसायकल घसरली. ते सगळं मी इथं लिहीत नाही. महिन्याभरानं मी कामावर आले, कारण लेक बारावीला होती आणि घरात बसून रडायला दुसरं कुणी कमावतं नव्हतं. दुकानातली माणसं फार चांगली वागली. काका तर आठवडाभर त्यांच्या डब्यातली भाजी मला देत होते. सुनेनं जास्त दिली म्हणायचे. खोटं होतं ते, पण चांगलं खोटं होतं.

कामावर आल्यानंतरचा पहिला बस्ता ओतूरकडच्या लोकांचा होता. काकांनी नारळ फोडला. मी हळदकुंकवाचं तबक उचललं, आणि नवरीच्या आईची नजर माझ्या मोकळ्या कपाळावर गेली असं मला वाटलं. वाटलं असंच म्हणते, कारण ती नजर खरंच तिथं आली होती की बाई माझ्या मागच्या कपाटाकडं पाहत होती, हे मला आजही सांगता येणार नाही. शेजारी घाटघरची एक नवी मुलगी उभी होती, नुकतंच लग्न झालेली, फाट्यावर खोली घेऊन राहणारी. मी तबक तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू लाव गं." तिनं लावलं. पहिला पदरही तिनंच टाकला, वाकडातिकडा. सगळ्यांच्या तोंडावर सुटल्यासारखा भाव होता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

मग पुढच्या बस्त्यालाही तसंच झालं, त्याच्या पुढच्यालाही. मी मागं उभी राहून त्या मुलीला खुणेनं सांगायची, हा नको, तो काढ. ती हुशार होती. थोड्याच दिवसांत तिला खुणेची गरज राहिली नाही. मग एक दिवस शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. शेठ मनानं वाईट नाहीत, हे मी कुणालाही सांगेन. ते म्हणाले की ताई, वर तुम्हाला अवघडल्यासारखं होतं, मला दिसतं ते, तर तुम्ही खालचा काउंटर सांभाळा, शांत काम आहे. मी बरं म्हणाले. जिना उतरून खाली आले आणि टॉवेलच्या चळतीची घडी नीट करत बसले. बस्त्याचं कमिशन गेलं. घरी लेकीला सांगितलं की जिना चढून गुडघे दुखतात म्हणून मीच खाली मागून घेतलं.

खालच्या काउंटरला एक गिऱ्हाईक नेमानं येतं, ते म्हणजे दुखवट्याचं. दहाव्याला टॉवेल-टोपी लागते, धोतरजोडी लागते, पांढरं कापड लागतं. ह्या लोकांशी मी नीट बोलते असं शेठना वाटायचं. "तुमाला त्यांचं दुःख कळतंय," असं ते एकदा म्हणाले, अगदी मनापासून. म्हणजे वर लग्नाचं दुकान, खाली मरणाचं, आणि मला कुठं उभं करायचं ते सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं. त्यात पहिलं मत माझं. माझ्या मोठ्या जाऊबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या की बरंच झालं, लोकांच्या शुभकार्यात कशाला उगाच मधेमधे. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी चुलीपुढं बसले होते, मान हलवली.

वर्षभर असंच चाललं. मग एका दुपारी आंबेगाव तालुक्यातून, घोडेगावच्या बाजूनं, एक कुटुंब आलं. बौद्ध होते. त्यांच्यात लग्नाला नवरी पांढरी साडी नेसते. वरच्या मुलीनं त्यांना पाहिलं, पांढरी साडी हवी म्हणताच ‘पांढरं खाली मिळतं’ म्हणून जिन्यानं खाली पाठवलं. माझ्या काउंटरला त्याच वेळी एक म्हातारेबाबा भावाच्या दहाव्यासाठी कापड फाडून घेत होते. नवरीची आई त्यांच्याकडं पाहत राहिली, मग टोप्यांकडं, मग माझ्याकडं. आवाज न चढवता तिनं विचारलं, "लग्नाची साडी अन् दहाव्याचं कापड एकाच काउंटरला ठेवता का तुमी?"

मला आधी काय वाटलं तेही लिहून टाकते. ह्या लोकांना खाली पाठवलं, म्हणजे माझ्या काउंटरची आणखी एक पायरी उतरली, असं मला वाटलं. आमच्या घरात अशांच्या घरी चहा प्यायला अजून मागंपुढं पाहतात. त्याला आम्ही भेदभाव म्हणत नाही, पद्धत म्हणतो. आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की माझ्याबाबतीतही सगळे पद्धतच म्हणतात. मी म्हाताऱ्याबाबांचं कापड बांधून दिलं, वर गेले, आणि कुलपाच्या कपाटातल्या पांढऱ्या रेशमी, जरीकाठी साड्या काढून खाली आणल्या. चांगल्या साड्या होत्या त्या. कुणी मागतच नाही म्हणून वर्षानुवर्षं कपाटात पडून होत्या.

मग सवयीनं माझ्या हातानं जे करायचं ते केलं. साडी उलगडली आणि पदर नवरीच्या खांद्यावर टाकला. टाकून झाल्यावर मी दचकले. पण ती मुलगी आरशात पाहून हसत होती आणि तिची आई कौतुकानं माझ्या हाताकडं बघत होती. तिनं विचारलं की एवढा चांगला हात आहे तर वर का नाही तुम्ही. मी म्हणाले, "माझे मालक गेले ना."

"मग?" ती म्हणाली.

मला आजवर त्या ‘मग’चं उत्तर कुणी मागितलं नव्हतं. मी काहीतरी कुंकवाचं, शुभकार्याचं बोलले. ती ऐकत होती. ती रांजणगावच्या एका कंपनीत ऑफिसला होती, हजेरी, रजा, पगार असलं काम. तिनं विचारलं की वर नारळ कोण फोडतं. मी काकांचं सांगितलं. काकांच्या मिसेस असतात का, तिनं विचारलं. मी म्हणाले, त्या वारल्या, आमच्या मालकांच्याही आधी. हे बोलताना माझंच बोलणं मला ऐकू आलं. बायको गेल्यावर काका दोनतीन लग्नसराया रोज नारळ फोडत होते. दुकानात कुणाच्या, अगदी माझ्याही, मनात ते आलं नव्हतं.

"बघा," ती म्हणाली. "बाईला एक अन् बाप्याला एक. ह्याच्यासाठीच कायदा हाय."

तिनंच मला समजावून सांगितलं. आपल्या राज्याचा दुकानं आणि आस्थापनांचा कायदा आहे. त्यात लिहिलंय की बाई कामगाराशी भरती, बदली, बढती, पगार ह्यात भेदभाव करायचा नाही. तपासायला येणाऱ्या माणसाला पूर्वी निरीक्षक म्हणायचे, आता सुविधाकार म्हणतात. सुविधा नक्की कुणाची, हे मी तेव्हा विचारलं नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, साडीचं बिल केलं आणि गेली. बौद्ध घरातली बाई माझ्या पाठीवर हात ठेवते आणि मला रडू येतं, हे जाऊबाईंनी पाहिलं असतं तर काय म्हणाल्या असत्या, असा विचार माझ्या मनात आला, आणि त्याचीही लाज वाटली.

मी लगेच अर्ज केला नाही. मी तशी धाडसी नाही, रागीट आहे, आणि रागीट माणसाला धाडसासाठी निमित्त लागतं. ते शेठनीच दिलं. लग्नसराईच्या तोंडावर त्यांनी वरच्या मजल्यासाठी आणखी एक मुलगी घेतली आणि मला म्हणाले की हिला जरा शिकवा, शालू कसा काढायचा, सासूशी कसं बोलायचं. खाली उभं राहून शिकवा, असं. माझं टाळकं सरकलं. बसस्टँडजवळ टायपिंग करणाऱ्याकडून मी अर्ज लिहून घेतला आणि पुण्याच्या कामगार कार्यालयाला रजिस्टरनं पाठवला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, म्हणतात ना, तसंच झालं. लग्नसराई संपली, पाऊस झाला, नवरात्र गेलं. कधी वाटायचं अर्ज हरवला असावा, आणि मग बरं वाटायचं.

सुविधाकार आला तो एका साध्या दिवशी, गिऱ्हाईक कमी असताना. तरणा होता, बोलायला नम्र. शेठच्या काचेच्या केबिनमध्ये बसला, चहा नको म्हणाला, मग घेतला. रजिस्टरं पाहिली आणि मला आत बोलावलं. काचेतून सगळं दुकान आत बघत होतं. त्यानं विचारलं की तुम्हाला कुंकू लावू नका असं कुणी सांगितलं होतं का. मी नाही म्हणाले. वर येऊ नका असं कुणी म्हटलं होतं का. नाही. मग तबक पहिल्यांदा दुसरीच्या हातात कुणी दिलं?

"मी," मी म्हणाले.

त्यानं पेन खाली ठेवला. रागानं नाही, पुढं काय लिहावं हे कळेना म्हणून. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते म्हणाले, "ताई, मी तुमाला बहीण मानतो. मी कधी एका शब्दानं म्हणलो का?" म्हणाले नव्हते. खरंच नव्हते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. माझ्या तक्रारीत माझ्याविरुद्ध पहिली साक्षीदार मीच निघाले होते. मला तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पुण्याहून एक माणूस सरकारच्या खर्चानं आला होता, आणि मी त्याला सांगत होते की मला खाली ढकलणारा हात माझाच होता.

त्यानं वही मिटायला घेतली तशी मी भडकले. शेठवर नाही, स्वतःवर, पण राग निघाला दुसरीकडंच. मी म्हणाले की काकांना बोलवा, त्यांना विचारा. काका आले. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. साहेबांनी अदबीनं विचारलं की तुमच्या पत्नी आहेत का. काकांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मग वारल्या म्हणाले. साहेबांनी विचारलं की त्यानंतर नारळ फोडणं तुम्ही थांबवलं होतंत का, किंवा कुणी थांबवायला सांगितलं होतं का.

"न्हाई साहेब," काका म्हणाले. "माझ्या कधी ध्यानातच आलं न्हाई."

साहेबांनी ते लिहून घेतलं. माझं काम झालं होतं. पण काका मोजपट्टी गळ्यातून काढून हातात गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. ज्या माणसानं मला स्वतःच्या डब्यातली भाजी दिली, त्याची मेलेली बायको मी चारचौघांत टेबलावर ठेवली होती. केबिनमधून बाहेर पडताना त्यांनी मला आधी जाऊ दिलं, नेहमीसारखं. मी त्यांच्याकडं पाहू शकले नाही.

साहेबांनी शेठना लेखी समज दिली. नवरा गेल्यावर बाईची जागा बदलते आणि बायको गेल्यावर पुरुषाची बदलत नाही, हा भेदभावच झाला. तोंडी सांगितलं काय आणि न सांगितलं काय, बदली शेवटी मालकानं केली. त्याच कामावर, त्याच पगारावर हिला परत घ्या, नाहीतर दंड होईल. कायदा इतका सरळ बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं की मीच हो म्हणाले म्हटल्यावर सगळं संपलं. शेठनी वाद घातला नाही. पुढच्या सोमवारी मी वर होते.

पण शेठनी त्यांच्या वकिलालाही विचारलं होतं. वकील म्हणाला, तबकच नको म्हणजे कटकट नको. झालं. हळदकुंकू बंद, नारळ बंद, त्याऐवजी पार्टीला थंड सरबत. बस्त्यात नवरीकडचे लोक तबक धरणाऱ्या मुलीला खणनारळ द्यायचे, कधी चांगलं ब्लाऊजपीसही द्यायचे. तेही गेलं. घाटघरची ती मुलगी एक दिवस मी घड्या घालत असताना म्हणाली, "ताई, तुमी वर याला पायजे व्हतं, बरुबर हाय. पर आमचं कशाला बंद केलं?" मी बंद केलं नव्हतं. पण मी हे किती जणींना समजावून सांगणार? काका माझ्याशी कामापुरतं बोलत होते. सगळ्या दुकानाचा मी बेरंग केला, आणि कागदावर जिंकले.

तरी एक गोष्ट राहिली होती. पदर टाकणं हे दुकानाचं काम होतं, पूजा नव्हे. ते मी सोडलं नाही. गिऱ्हाइकांतल्या काहींच्या लक्षात यायचं, काहींच्या नाही. कुणी कुजबुजलं तर मी ऐकू न आल्यासारखं करायची. आता माझ्या मागं कायदा होता, आणि कायदा मागं असला की पाठ जरा जास्तच ताठ होते.

अशातच आमच्याच घरचा बस्ता आला. मोठ्या जाऊबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. ती माझी पुतणी, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. आण्याहून दोन जीप आल्या. दुकानात तबक नाही हे कळल्यावर जाऊबाईंनी पर्समधून स्वतःचा करंडा काढला आणि सगळ्या बायकांना कुंकू लावलं. माझ्यापाशी येऊन त्यांचा हात पुढच्या बाईकडं वळला. ते मला चालणार होतं, घरात रोज चालतं. मी शालू काढला, गुलबक्षी रंगाचा, त्या मुलीला शोभेल असा एकच होता कपाटात. पदर हातावर घेतला तेव्हा जाऊबाई हळूच म्हणाल्या, "तू नको. त्या पोरीला सांग."

मी मोठ्यानं बोलले. मुद्दाम. "बाई, इथं मी कामाला हाय. ह्या मजल्यावर पदर मीच टाकते."

पाहुणे आमच्याकडं पाहायला लागले. सरकारचा साहेब आला होता, ही गोष्ट आण्यापर्यंत पोचलेली होतीच, त्यामुळं कुणी मधे पडलं नाही. मी पुतणीच्या खांद्यावर पदर टाकला. तिचा खांदा एकदम ताठ झाला. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. तिला माझा राग आला नव्हता, तिला भीती वाटत होती. लग्न होऊन दुसऱ्याच्या घरी जायचं, आणि काकीच्या कपाळासारखं आपलं कपाळ होऊ नये, एवढीच साधी भीती. तिचे डोळे भरले, तिनं पुसले नाहीत. मी तो पदर तसाच राहू दिला, चांगला नीट पसरून. मला मागं घ्यायचाच नव्हता. शालू छान दिसतोय असं पाहुण्यांतल्या कुणीतरी म्हटलं, आणि चारचौघांत नाही कसं म्हणणार, म्हणून तोच घेतला गेला.

जीप गेल्या. मला पहिल्यांदा खूप बरं वाटलं. मग चहा पिताना तिचा खांदा आठवला. कायद्यानं दुकानाला सांगितलं होतं माझ्याशी कसं वागायचं. त्या मुलीला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि मी सांगितलं ते असं, तिचा खांदा धरून. माझ्यावर जे झालं त्याचा हिशेब मी त्या घरातल्या सगळ्यात लहान माणसाकडून चुकता करून घेतला. घरी गेल्यावर भिंतीपलीकडं आवाज बंद होता. मला चांगलं ठाऊक होतं की मी बरोबर होते, आणि जेवण गेलं नाही.

चार-सहा दिवसांनी दुकानात माझी लेक आली. ती नारायणगावला कॉलेजला जाते, फाट्यावर बस बदलते. हातात आमच्याच दुकानाची पिशवी होती. जिना चढून माझ्या काउंटरला आली आणि पिशवी पुढं सरकवली. आत गुलबक्षी शालू होता. बदलून पाहिजे म्हणाली.

मी विचारलं की रंग आवडला नाही का. हा प्रश्न आम्ही सगळ्यांनाच विचारतो. लेकीनं आजूबाजूला पाहिलं. घाटघरची मुलगी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. लेक खाली पाहून म्हणाली, "मोठी आई म्हणाली, पदर तू टाकलायस. दुसऱ्या कुणाच्या हातचा दे म्हणाली."

तिला हे बोलताना त्रास होत होता. तिनं ह्या कामासाठी जायला नकार दिला असणार आणि मग मोठ्या आईचं, म्हणजे जाऊबाईंचं, मन मोडवलं नसणार, हे मला तिच्या उभं राहण्यावरून कळलं. मी त्याच रंगाच्या जवळचा, जरा फिका, दुसरा शालू कपाटातून काढला. त्या मजल्यावरचा एकेक शालू रोज संध्याकाळी माझ्याच हातानं घडी होऊन कपाटात जातो. दुसऱ्या कुणाच्या हातचा असा एकही नाही. हे लेकीला माहीत होतं. मी घरी कितीदा सांगितलंय, हात दुखतात म्हणून.

ती माझ्या हातातल्या शालूकडं पाहत होती. मला वाटलं, आता ही काहीतरी म्हणेल. म्हणावं, असंही वाटलं. शिकलेली पोरगी आहे, बोलायला माझ्यासारखीच तिखट. ती पुढं वाकली आणि माझ्या मनगटाला हात लावून अगदी मायेनं, मला त्रास होऊ नये म्हणून, घाटघरच्या मुलीकडं मान करून हळू आवाजात म्हणाली, "मी घरी सांगते, ह्या ताईनं काढून दिला. तू खाली होतीस."

मी शालू पिशवीत घातला.

"सांग," म्हणाले.

तिनं पिशवी उचलली, बस चुकेल म्हणाली आणि भराभर जिना उतरली. अर्ज करून, साहेबासमोर उभी राहून, काकांना खाली पाहायला लावून मिळवलेला मजला मी माझ्या लेकीसमोर एका शब्दात सोडून दिला. तिला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही.